पन्हळीतला पातेरा: मार्चमध्ये आग, जूनमध्ये पाणी

पडवीतून | १० मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण काल जे बघितलं ते लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही म्हणून धागा काढतेय. लांबण लागली तर चालवून घ्या.

आमचं घर गुहागर तालुक्यात, सड्याच्या म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराच्या खालच्या अंगाला. जांभ्याच्या चिऱ्यांचं, मंगलोरी कौलांचं. आम्ही डोंबिवलीला, त्यामुळे गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर घर बंदच. यंदा मार्चमध्ये सड्यावर वणवा लागला तो पार आमच्या गडग्यापर्यंत, म्हणजे दगडी कुंपणापर्यंत आला. वाडीतली पोरं हिरव्या डहाळ्या घेऊन धावली, झोडपून झोडपून विझवला म्हणून घर राहिलं. शेजारच्या काकांनी फोनवर सांगितलं, "ठिणग्या छपरावर पडत होत्या गो, पण लागलं नाही, देवाची कृपा."

काल पुतण्या शिडी लावून वर चढला, मी खाली शिडी धरून. माजघराचं छप्पर आणि मागच्या पडवीचं छप्पर जिथे मिळतात तिथे पत्र्याची पन्हळ आहे. त्या पन्हळीतून काय निघालं सांगू? पातेरा, म्हणजे फणसाची नि आंब्याची गळलेली पानं, दोन-तीन वर्षांचा थर, वरची कुरकुरीत, खालची कुजून माती झालेली, आणि त्या मातीत पिंपळाचं वीतभर रोप. माडाच्या चुडताचे तुकडे. एक चेंडू. साडेतीन घमेली भरली. आणि वरच्या पानांमध्ये चार ठिकाणी रुपयाएवढी काळी भोकं. ठिणगी पडली, पान जळलं आणि कसं कोण जाणे विझलं. तिथून इंचभरावर सागाचा वासा. मी ते पान हातात धरून ओटीवर बसलेच.

मग डोक्यात उजेड पडला. गेल्या जूनमध्ये माजघरात पाणी येऊन तांदळाची कणगी भिजली होती, तेव्हा सगळे म्हणाले कौल फुटलं असेल. कौल एकही फुटलेलं नव्हतं. हीच पन्हळ तुंबून पाणी उलटं कौलाखाली शिरलं होतं! म्हणजे जो पातेरा मार्चमध्ये घर जाळायला निघाला होता त्यानेच आदल्या जूनमध्ये घरात पाणी घातलं होतं, आणि आम्ही मात्र दरवर्षी अंगण झाडून, चुना काढून, झालं घर साफ म्हणून परत जातोय.

तर पावसाआधी तुम्ही घराचं काय काय करता ते लिहा. बंद घरवाल्यांनी तर लिहाच.

नळेपरतो | १० मे, रात्री ११:२५

बाय, बरा लिवलंस. पण माका एक सांग, वर चडाक माणसा खंय गावतत? आमच्या देवगडात नळे, म्हणजे कौला, परतूक आता कोण येणा नाय. मी गेल्यावर्सा स्वताच चडलंय, तीन कौला फोडलंय आणि बायकोच्यो गाळी खाल्लंय. पुतण्याक सांग, कौलाच्या मदी पाय ठेव नको, जंय खाली वासो आसा थंयच ठेव. आणि सकाळचा दव सुकल्याबगर चडा नको, शेवाळ आसता, घसराक येळ लागणा नाय.

उगाचच | १० मे, रात्री ११:३१

चेंडू कोणाचा ते कळलं का? :)

पडवीतून | ११ मे, सकाळी ७:०५

@उगाचच, पुतण्याचाच. पाच वर्षांपूर्वी हरवला म्हणून भोकाड पसरलं होतं त्याने. आता बारावीत आहे, ओळखला पण नाही.

तारवाला | ११ मे, सकाळी ८:५०

मी रत्नागिरीत वायरिंगची कामं करतो, बावीस वर्षं झाली. ताई पातेरा काढलात ते उत्तम, पण मीटरचा बोर्ड कुठे आहे तुमचा? जुन्या घरांत हमखास पडवीत असतो आणि झड पण नेमकी तिथेच लागते.

मागच्या सीझनला एका बंद घरात गेलो, मेनची पेटी उघडली तर आत चिमणीचं घरटं. वाळकं गवत, कापूस, सगळं फ्यूजला चिकटून. आणि फ्यूज म्हणून काय घातलेलं तर तांब्याची जाड वायर पिळून. का तर म्हणे सारखा उडत होता. अहो तो उडण्यासाठीच असतो ना! उडत होता म्हणजे काहीतरी सांगत होता.

आपल्याकडची खरी भानगड खाऱ्या हवेची आहे. किनाऱ्याजवळच्या घरात स्क्रूवर हिरवी पूड चढते, जोड सैल पडतो, सैल जोड तापतो, तापला की वायरचं कव्हर कडक होऊन तडकतं आणि मग एक दिवस ठिणगी. स्विचबोर्डाला बाहेरून कोरडा हात लावून बघायचा, कोमट लागला तरी मला फोन करायचा, म्हणजे तुमच्या ओळखीच्या वायरमनला. दुसरी खूण वासाची. बोर्डाचं प्लॅस्टिक तापलं की कुजक्या मासळीसारखा वास येतो. आता आपल्याकडे घरात मासळीचा वास आला तर बोर्डाकडे कोण बघणार? मिऱ्याजवळच्या एका घरात आठवडाभर फ्रिज धुवत होते, शेवटी फ्रिजच्या मागचा प्लग ओढला तर तो अर्धा वितळलेला.

एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. एमसीबी वायर वाचवते. माणूस वाचवायला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पडणारा स्विच लागतो, ३० मिलिअँपचा. ओल्या भिंतीतून करंट उतरतो तेव्हा तोच पडतो. त्यावर टी लिहिलेलं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं, खटकन पडला पाहिजे. नाही पडला तर तो शोभेचा आहे. आणि अर्थिंगचा खड्डा. मे महिन्यात जांभा ठणठणीत कोरडा होतो, अर्थिंग नावाला राहतं, त्यात दोन बादल्या पाणी घाला.

गिझरची १६ अँपची पिन कन्व्हर्टर लावून ६ अँपच्या सॉकेटात घालणाऱ्यांशी मी बोलत नाही.

शिवनदीकाठ | ११ मे, दुपारी १:१५

तारवाला दादा, तुमच्या पोस्टमध्ये एक राहिलं. इन्व्हर्टर.

आम्ही चिपळूण, बाजारपेठेजवळ. २२ जुलै २०२१. आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झालेले, पुनव तोंडावर म्हणजे खाडीला उधाण, वरून रात्रभर पाऊस धरलेला. पहाटे जाग आली तेव्हा पाणी उंबऱ्याला लागलं होतं. मी हुशारी करून पहिल्यांदा मेन पाडला आणि मग निवांत गुडघाभर पाण्यात उतरून सामान वर द्यायला लागलो. दहा मिनिटांनी जिन्याखालून बीप बीप बीप. इन्व्हर्टर! मेन पाडला की त्याला वाटतं लाईट गेली, तो आपलं काम चोख करत होता, सगळ्या घराला करंट देत होता आणि मी त्याच पाण्यात. बायकोने वरून ओरडून सांगितलं बाहेर ये म्हणून आज हे लिहितोय. छपरावर सोलर असेल तर त्याचंही तेच, मेन पाडून ते बंद झालं असं धरून चालू नका.

२००५ च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती. तिच्यावर हातभर उंच सगळे बोर्ड घेतले होते, वाटलं पुरे. २१ साली पाणी बोर्डाच्याही वर गेलं. आता खालच्या मजल्याची आणि माडीची लाईन वेगवेगळी करून घेतलीय, इन्व्हर्टर माडीवर नेलाय आणि त्याला स्वतःचा बंद करायचा स्विच जिन्याच्या वरच्या टोकाला.

अजून एक, सिलिंडर. भरलेला सिलिंडर पाण्यात बुडतो असं मला आयुष्यभर वाटायचं. डोळ्यासमोर तरंगला. नंतर हिशोब केला, रिकामी टाकी पंधरा-सोळा किलोची, गॅस १४.२, म्हणजे जेमतेम तीस किलो आणि पोटातली जागाच ३३ लिटरची. तरंगणारच. तर तो ओट्याखालून उठला, नळी ताणली आणि रेग्युलेटरसकट आडवा होऊन गोल गोल फिरायला लागला. वास सुटला तेव्हा हातपाय गळाले. आता पाऊस धरला आणि पाणी यायची चिन्हं दिसली की पहिलं काम रेग्युलेटर काढून टाकीला टोपण लावायचं आणि टाकी भिंतीतल्या हुकाला साखळीने बांधायची.

काजूबाग | ११ मे, संध्याकाळी ६:३०

शिवनदीकाठ, अंगावर काटा आला.

पडवीतून ताई, वणव्याचं काम मे महिन्यात सुचून उपयोग नाही, ते डिसेंबर-जानेवारीत करायचं असतं, गवत अर्धं हिरवं असताना. आम्ही लांज्याकडे बागेभोवती आणि घराच्या वरच्या अंगाला बारा-पंधरा फुटांचा पट्टा साफ करतो, जाळरेषा म्हणतो. गवत कापायचं, आत ओढायचं, मग वारा पडल्यावर संध्याकाळी चार माणसं, फवारणीचा पंप पाण्याने भरलेला, असं ठेवून थोडं थोडं जाळायचं. एकट्याने करायचं काम नाही हे. दोन वर्षांपूर्वी वरच्या सड्यावरून वणवा आला तो पट्ट्यापाशी येऊन बसला. शेजाऱ्याची दोनशे कलमं गेली, आमची कडेची सहा.

आणि पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं म्हणून मुद्दाम काडी लावणारे महाभाग अजून आहेत, त्यांच्याबद्दल इथे लिहिलं तर पोस्ट उडेल.

घराबाबत म्हणाल तर आंब्याचा पेंढा. पडवीत आढी घालतो, आंबे संपतात, पेंढा मात्र तिथेच. वर वायर, खाली पेंढा, बाजूला रिकामे खोके. जूनमध्ये तोच भिजून कुजतो आणि पडवीची मोरी बुजवतो. आंबा संपला की त्याच दिवशी पेंढा गोठ्यात किंवा माडाच्या आळ्यात गेला पाहिजे.

आजी_श्रीवर्धन | ११ मे, रात्री ८:१०

मुलांनो, तुम्ही सगळे मोठ्या मोठ्या गोष्टी लिहिताय. माझी एक छोटी लिहिते. नात टाइप करतेय, मी सांगतेय.

आमच्याकडे देव्हारा लाकडी. संध्याकाळी समई लावून आम्ही ओटीवर बसलो होतो. थोड्या वेळाने माजघरात करपल्याचा वास. जाऊन बघते तर समईतली वात नाही! उंदराने तेलाची वात पळवली होती, पेटती, आणि वाटेत जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यावर टाकून गेला. गठ्ठा धुमसत होता. मी अंगावरचं नेसूचं सांभाळत तांब्याभर पाणी ओतलं, विझलं. तेव्हापासून समई पितळेच्या परातीत पाणी घालून मधोमध ठेवते आणि झोपताना वात तेलात बुडवते. लोक म्हणतात देवाचा दिवा विझवू नये. देवाला घर जळलेलं चालतं का?

दुसरं, न्हाणीची चूल. तिच्यावरची जळमटं काजळीने काळीकुट्ट होऊन दोरीसारखी लोंबतात, ती झाडायला कोणाला वेळ नाही. आणि चुलीतली राख गरम गरम नेऊन माडाखाली ओतायची नाही, खाली नारळाची सोडणं पडलेली असतात. वरून पांढरी दिसली तरी आत निखारा रात्रभर जिवंत असतो. पत्र्याच्या डब्यात दोन दिवस ठेवायची मग टाकायची.

मिस्टर_पत्रा | ११ मे, रात्री ९:४५

मला एक कळत नाही, एवढा सगळा खटाटोप करण्यापेक्षा कौलांवरून सरळ पत्र्याची शेड मारून टाका ना. पन्हळ नको, परतणं नको, एकदा खर्च आणि वीस वर्षं बघायला नको. आमच्याकडे सगळ्या वाडीने मारली.

आजी_श्रीवर्धन | ११ मे, रात्री १०:०२

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरूनच गेलं. शेजाऱ्यांची शेड आमच्या सुपारीच्या बागेत सापडली, लोखंडी अँगलसकट. कौलं माझीही उडाली, पण कौल पडतं ते अंगणात पडतं, पत्रा कोणाच्या मानेवर जाईल सांगता येत नाही बाळा.

तारवाला | ११ मे, रात्री १०:२०

आजी, बरोबर बोललात. शेड मारा पण हुक बघा. गंजून सुतळीएवढे झालेले असतात. आणि शेड आणि कौलं यांच्या मधल्या पोकळीत पातेरा साठतोच, वारा आत नेऊन टाकतो. आता तो दिसत पण नाही, एवढाच फरक.

नळेपरतो | ११ मे, रात्री १०:३३

पत्र्याखाली मे म्हयन्यात निजून बग एकदा, मगे सांग.

टेरेसफ्लॅट | १२ मे, सकाळी ९:३०

आम्ही रत्नागिरी शहरात, चौथ्या मजल्यावर, आमच्या डोक्यावर सोसायटीची टेरेस. आम्हाला वाटायचं पूर-बिर खालच्या लोकांचं दुखणं. गेल्या पावसात टेरेसचं पाणी जायचं भोक कबुतरांची पिसं, गुटख्याची पाकिटं नि कोणीतरी वाळत घातलेल्या आमसुलांखालचं प्लॅस्टिक यांनी बंद झालं आणि पाणी वीतभर साठलं. सिव्हिलवाल्या मित्राने गणित घातलं, दहा बाय दहा फुटांवर अर्धा फूट पाणी म्हणजे चौदाशे किलो. नुसत्या तेवढ्या तुकड्यावर! जिन्यातून धबधबा आणि लिफ्टच्या खड्ड्यात तळं. आता भोकांवर घुमटाच्या आकाराच्या जाळ्या बसवल्यात, सपाट जाळीवर एक पिशवी बसली की खेळ खलास. पावसाळ्यात दर रविवारी एका घराची पाळी. पाळी चुकवणाऱ्यांची नावं ग्रुपवर येतात, त्यामुळे चालू आहे :D

पडवीतून | १२ मे, दुपारी ३:५०

बापरे, मी पानांचं लिहिलं आणि तुम्ही माझी झोपच उडवलीत. टेरेसफ्लॅट, तुमचं वाचून मी पण गणित घातलं. आमचं छप्पर साधारण हजार चौरस फुटांचं, म्हणजे ९३ चौरस मीटर. एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस पडला, जो आपल्याकडे काही जगावेगळा नाही, तर १८ हजार लिटरच्या वर पाणी छपरावरून उतरणार. त्यातलं निम्मं त्या एका पन्हळीतून. एका चेंडूने बुच मारलं होतं त्याला.

अजून एक त्रांगडं आहे. घरामागून पऱ्या म्हणजे पावसाळी ओढा जातो, वरच्या सड्याचं पाणी घेऊन. वरच्या अंगाला एकाने नवीन बंगला बांधलाय आणि कंपाउंडची भिंत सरळ पऱ्यात घातलीय, खाली सहा इंची पाइप टाकून. म्हणतो पाइपातून जाईल की पाणी. काय करावं?

काजूबाग | १२ मे, दुपारी ४:२०

सहा इंची पाइप? त्यात एक नारळाचं सोडण अडकलं की झालं. ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, पण त्याआधी त्याच्या ओटीवर जाऊन चहा पिऊन या. अर्ज पहिला गेला की तो कोर्टाची भाषा बोलतो.

उगाचच | १२ मे, दुपारी ४:२८

आणि जाताना तो चेंडू घेऊन जा. पाइपात टाकून दाखवा.

शिवनदीकाठ | १२ मे, रात्री ११:०५

वाहत्या पाण्याची वाट अडवायची नाही हे आम्ही फार महाग शिकलो.

पाणी ओसरल्यावरचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. गाळ ओला असतानाच काढायचा, पाणी उतरत असतानाच खराट्याने त्याच पाण्याबरोबर ढकलायचा. आम्ही पहिला दिवस रडण्यात घालवला, दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि गाळ सिमेंटसारखा बसला, मग फावडी. कपाटामागे, फ्रिजखाली हात घालायच्या आधी काठी फिरवा, आमच्याकडे फुरसं, म्हणजे विषारी साप, निघालं. लाईट आली म्हणून बटण दाबायचं नाही, बोर्ड उघडून, धुऊन, वाळवून, वायरमनने मेगर (करंट कुठे गळतोय का ते तपासायचं यंत्र) लावून बघितल्याशिवाय नाही. समोरच्यांनी फ्रिज लावला, दहाव्या मिनिटाला मागून धूर. पुरातून वाचलं ते आगीत जाणार होतं. विहीर पूर्ण उपसून मग ग्रामपंचायतीकडून टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर आणून टाकली, किती ते आरोग्यसेवकाने विहीर मोजून सांगितलं. पायाला जखम असून चिखलात काम केलं असेल तर डॉक्टरकडे लगेच जा, लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणारा ताप, वाट बघत नाही.

स्वैपाकघर | १३ मे, सकाळी १०:१०

गॅसचं कोणी पुढे लिहिलं नाही. नळी बघा, तिच्यावर तारीख छापलेली असते, पाच वर्षांच्या वर वापरू नका आणि तडे दिसले तर आधीच बदला. टाकीच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी आणि वर्ष असतं, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, असं पुढे, ती तपासणीची मुदत, उलटून गेली असेल तर टाकी घेऊ नका. बंद घर उघडल्यावर पहिलं नाक आत घालायचं, मग हात. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो, म्हणून खिडकी उघडून भागत नाही, दार सताड उघडायचं, लाईटचं बटण चालू पण नाही आणि बंद पण नाही. गॅस गळतीसाठीचा नंबर १९०६, फ्रिजवर चिकटवून ठेवलाय.

कढईत तेल पेटलं तर पाणी कदापि नाही. गॅस बंद, वरून झाकण, आणि कढई उचलून बाहेर पळायचं नाही. माझ्या जावेने पळायचा प्रयत्न केला होता, उजव्या हातावर खूण आहे.

पडवीतून | १८ मे, रात्री ९:३०

मंडळी, उद्या निघतोय म्हणून शेवटचं लिहिते.

पन्हळ झाली, पिंपळाचं मूळ पत्र्याच्या जोडात घुसलं होतं ते काढून वर डांबर लावलं. पातेरा सगळा माडांच्या आळ्यात. तारवाला दादा, वायरमन आला, मेनच्या पेटीत घरटं नव्हतं पण मुंग्यांनी मातीचा किल्ला बांधला होता, आरसीसीबी बसवला, बटण दाबलं, पडला. निघताना मेन बंद, इन्व्हर्टरही त्याच्या स्विचवरून बंद, गॅसच्या टाकीला टोपण आणि साखळी. पाण्याच्या टाकीची चावी बंद. शेजारच्या काकांकडे शिडी आणि पन्हळीची जबाबदारी, जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांनी एकदा, आणि त्याचे पैसे ठरवून दिले. नको नको म्हणत होते, पण फुकटचं काम दुसऱ्या महिन्यात विसरलं जातं.

वरच्या बंगल्यात चहा पिऊन आले. माणूस वाईट नाही, पुण्याचा आहे, इथला पाऊस त्याने फक्त रिसॉर्टच्या काचेतून बघितलाय. मी पन्हळीतल्या पातेऱ्याचा फोटो दाखवला आणि छपराचा हिशोब सांगितला, मग त्याला सड्याचा हिशोब घालायला लावला. दोन वेळा घातला त्याने. भिंतीचे चार फूट चिरे काढून तिथे लोखंडी गज लावतो म्हणालाय, ३० तारखेच्या आत.

नळेपरतो | १८ मे, रात्री ९:४४

गजार पण पातेरो अडाकता बाय. तेका सांग, खालसून हातभर मोकळा ठेव.

पडवीतून | १८ मे, रात्री ९:५१

अगं बाई, खरंच की. थांबा, टॉर्च घेऊन आत्ताच जाऊन सांगते.